फक्कीची रेघ

"आई, आज तरी दोरी धरू या. जिल्ह्याचा पंच येणार हाय."

"दोरी तुझ्या बायकोबरोबर धर, आली की. माझ्या रेघेला दोरी लागत न्हाई."

निवा हसला. घमेल्यातल्या फक्कीच्या गुठळ्या हातानं फोडत तो माझ्या मागनं चालत होता. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. गवतावर दव होतं आणि पायाला चुना चिकटत होता. ओढ्याकडच्या कोपऱ्यात मी उभी राहिले, पार पलीकडच्या कडुनिंबाच्या बुंध्यावर नजर लावली आणि मुठीतनं फक्की सोडत निघाले. पेरणीला आमच्या घरात चाड्यावर मूठ मीच धरायची. माझ्या मुठीतनं दाणा कधी दाट पडला नाही की विरळ पडला नाही. मग चुन्यानं काय घोडं मारलंय?

कडुनिंबाला पोचले आणि वळून बघितलं.

"हाय कुठं वाकडी?"

"न्हाई."

"मोठ्यानं बोल."

"न्हाई म्हटलं की, आई! सुतात हाय. गावभर दवंडी देऊ काय?"

"दे. तुझ्या थोरल्या चुलत्याच्या दारात दोनदा दे."

त्याला बाविसावं लागलं होतं. पाडव्याला सुपारी फुटली होती, मार्गशीर्षात लग्न होतं. अंगानं बापावर गेला होता, मान अशी जाड की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलं नाही. ते बटण लावायचा नाद मी सोडून दिला होता.

हे मैदान आमच्या हवालदारांनी केलं. पलटणीतनं पेन्शनवर घरी आले तेव्हा सगळ्यांचे नवरे ट्रंकेतनं साड्या आणत, रेडिओ आणत. आमच्यांनी कातड्याचा एक चेंडू आणला, तोही धड गोल नाही. दोन्हीकडनं निमुळता, पपईसारखा. जमिनीवर पडला की कुठं उडेल त्याचा नेम नाही. पलटणीत साहेबलोकांच्या वेळेपासून हा खेळ होता म्हणे. रग्बी त्याचं नाव. गावानं नाव ठेवलं पपई. पोरं पपई खेळायला जातात, पपई खेळून येतात. हवालदारांनी ओढ्याकाठचं आपल्या वाटणीचं अडीच एकर रान त्या पपईला दिलं. निलगिरीचे चार वासे उभे केले, दोन आडवे बांधले, पोरांना जमवलं आणि नाव ठेवलं पलटण क्रीडा मंडळ. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलेली बाई. पण त्या खेळाचे सगळे नियम मला पाठ होते. पुढं फेकायचं नाही, मागं फेकायचं. पुढं जायचं ते स्वतःच्या पायानं. मला तो नियम आवडायचा.

चार वर्षं झाली आणि हवालदार गेले. शेताच्या बांधावर बसल्या बसल्या छातीत कळ आली, संपलं. त्यांचा तेरावा झाल्यावर चौथ्या दिवशी थोरल्या भावजींनी चावडीत माणसं बसवली. केरबा भावजी म्हणजे हवालदारांचे सख्खे थोरले भाऊ. ओढ्यावर पाण्याची मोटर बसली होती आणि त्यांना त्या अडीच एकरांत ऊस दिसत होता.

मी डोक्यावरनं पदर घेऊन चावडीच्या पायरीशी उभी होते.

"जमिनीचं राहू दे," भावजी म्हणाले. "मी पोरांसाठी बोलतोय. हा काय खेळ हाय व्हय? मुंडीला मुंडी लावून रेड्यागत टकरा घेतात. उद्या कुणाचं तरी पोर त्या रानातनं चौघांच्या खांद्यावरनं बाहेर येईल. मग त्याच्या आईला काय सांगायचं?"

बसलेली माणसं माना हलवायला लागली. मला बोलायची गरज नव्हती. जमीन माझ्या नवऱ्याच्या वाटणीची होती. गप्प बसले असते तरी कुणी हिसकावून घेतली नसती. पण गप्प बसणं मला कधी जमलंय?

"भावजी," मी म्हटलं, "तुमच्या तोंडात साखर पडो. ज्या दिवशी माझ्या मैदानातनं एक तरी गडी खांद्यावरनं बाहेर जाईल, त्या दिवशी मी माझ्या हातानं त्यात नांगर घालीन आणि ऊस लावून तुम्हाला देईन. चावडीवर बोलतेय. सगळ्यांनी ऐका."

"बोललीस हं, हवालदारीणबाई."

"बोलले."

तेव्हापासनं मंडळाला एक रीत पडली. मैदानात कुणालाही काही होऊ दे, उठायचं, आपल्या पायानं रेघेपर्यंत जायचं, वाकून रेघेला हात लावायचा, कपाळाला फक्कीचं बोट ओढायचं आणि मग बाहेर पडायचं. रेघेच्या बाहेर गेल्यावर पडा, झोपा, बोंबला. तिथनं उचलून न्यायला हरकत नाही. सुताराच्या भरमूची नडगी मोडली तेव्हा तो एका पायावर उड्या मारत बाहेर आला आणि रेघेला हात लावताना माझ्याकडं बघून म्हणाला, "आक्का, ऊस न्हाई लागत अजून." सगळं मैदान हसलं. कुणाचा खांदा उतरला की तो माझ्याकडं यायचा. बगलेत पाय देऊन, हात धरून मी खांदा बसवायची. पाच-पंचवीस तरी बसवले असतील. त्यामुळं हाडामासाचं मला कळतं असं गावाला वाटायचं. मलाही वाटायचं.

अशी अकरा वर्षं गेली. एकही गडी खांद्यावरनं गेला नाही. दर दिवाळीनंतरच्या सामन्याला केरबा भावजी यायचे, ओढ्याच्या बाजूला रेघेपाशी काठीवर हनुवटी टेकून उभे राहायचे. शेवटची शिट्टी झाली की मी त्यांच्यापुढनं मुद्दाम जायची.

"काय भावजी? उसाची कांडी भिजत घातली व्हती काय?"

ते थुंकायचे आणि जायचे.

त्या दिवशी खडकेवाडीचा संघ आला होता. दुपारच्याला सामना सुरू झाला. कमरेला मी फक्कीची पिशवी बांधली होती; मध्ये सुट्टी झाली की पुसलेली रेघ मी पुन्हा ओढायची, हे नेहमीचं. आमचा कप्तान इकबाल मुजावर. निवाचा जिवलग, आमच्या सोप्यात वाढलेला. उन्हाळ्यात पुण्याला खेळाचं शिबिर झालं होतं, तिथं तो जाऊन आला होता. आल्यापासनं पोरांना मान कशी ठेवायची, पाठ कशी ठेवायची ते शिकवत असे.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती. दोन गुणांनी आम्ही पुढं होतो. शिट्टी झाली आणि ओढ्याच्या बाजूला, रेघेजवळच स्क्रम लागला. स्क्रम म्हणजे हे: दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांना बिलगून वाकतात, पहिल्या रांगेच्या मुंड्या समोरच्यांच्या मुंड्यांत अडकतात आणि मग ढकलाढकली. निवा पुढच्या रांगेत मधला. मधल्याचे दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांवर असतात. खाली गेला तर हात टेकायची सोय नाही.

पुन्हा शिट्टी वाजली, जोर लागला आणि सगळा ढीग मधनंच खाली बसला. पावसाळ्यात कच्ची भिंत बसते तसा. एकेक गडी उठला. निवा उठला नाही.

"कुणी हात लावू नका!" इकबाल ओरडला. "निवा, हलू नको. हलू नको म्हटलं की!"

मी गेले. "सरा," म्हटलं, आणि गुडघ्यावर बसले. तो पालथा पडला होता, तोंड एका कुशीला, गालाला माती. डोळे उघडे.

"काय झालं रं?"

"मानंत काय तरी वाजलं, आई."

"दुखतंय?"

"दुखतंय. आन् हातांत मुंग्या आल्यात."

"पाय हलव बघू."

त्यानं एक पाय हलवला. दुसरा हलवला. दोन्ही हलले. माझा जीव भांड्यात पडला. मी मानेवरनं बोटं फिरवली. एका जागी गरम लागलं, इतकंच. उसण भरलीय, मी मनात म्हटलं. लचकलीय.

"आक्का, मी बाजलं आणतो," इकबाल म्हणाला. "नाहीतर फळी. पुण्याला सांगितलंय, मानंचं असलं तर माणूस पडलाय तसाच उचलायचा. बसवायचाबी न्हाई."

"तू डॉक्टर कधीपासनं झालास रं?"

"आक्का, पाया पडतो तुझ्या."

"चार दिस पुण्याचं पाणी प्यालास आन् मला हाडं शिकवतोस? पाय हलतायत त्याचे. दिसत न्हाई?"

मी मान वर केली. केरबा भावजी दहा हातांवर उभे होते, काठीवर हनुवटी नव्हती. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. भावजी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्याशी भांडत बसले असते आणि तेवढ्यात कुणीतरी बाजलं आणलं असतं.

मी खाली वाकले. निवाच्या कानाशी तोंड नेलं.

"ऊठ. नऊ पावलं हैत."

"आई, जरा पडून राहू दे मला."

"बाहेर जाऊन पड. नऊ पावलं. तुझ्या बापाचं मैदान हाय हे."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, हा आता नाही म्हणणार. जन्मात त्यानं मला नाही म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हणायला हवं होतं.

"बरं," तो म्हणाला.

मी त्याच्या बगलेत दोन्ही हात घातले आणि त्याला उभा केला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माझ्याकडं न बघता सरळ रेघेकडं बघत होता. मी हात सोडले. स्वतःच्या पायानं जायचं ही रीत. एक. दोन. तीन. मी मोठ्यानं मोजत होते आणि माझ्यामागनं माणसं मोजत होती. पाच. सहाव्या पावलाला डावा पाय ओढला गेला. सात. आठव्याला त्याचे गुडघे निघून गेले. रिकाम्या पोत्यासारखा तो घडी होऊन खाली आला, कुशीवर, रेघेच्या बाजूनं आडवा. रेघेच्या आत.

एक वीत. त्याची पाठ आणि रेघ यांच्यामध्ये माझी एक वीत मावली असती.

सगळे धावले. बायका ओरडायला लागल्या. मी सगळ्यांच्या आधी त्याच्यापाशी पोचले आणि काय केलं ते सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी कमरेच्या पिशवीत हात घातला. मूठ भरली. निवाच्या पोटाकडच्या बाजूनं, डोक्यापासनं पायापर्यंत, मैदानाच्या आतल्या अंगाला मी नवी रेघ ओढली. दोन्ही टोकं जुन्या रेघेला जुळवली आणि मधली जुनी रेघ पायानं पुसली. चार श्वासांचं काम. बघणाऱ्याला वाटलं असेल, आई लेकराला कवटाळतेय. सगळे निवाच्या तोंडाकडं बघत होते.

एक माणूस माझ्या हाताकडं बघत होता. मी उठले तर केरबा भावजी समोर. आमची नजरानजर झाली. त्यांनी खालच्या रेघेकडं बघितलं, पुसलेल्या जागेकडं बघितलं. अकरा वर्षं हा माणूस ह्याच घटकेची वाट बघत काठी टेकून उभा होता.

"बघत काय बसलाय?" ते लोकांवर ओरडले. "पोरगा रेघेच्या बाहेर पडलाय, दिसत न्हाई? उचला त्याला! माझ्या सोप्यातलं बाजलं आणा!"

तालुक्याच्या डॉक्टरनं हात लावला नाही, मिरजेला न्या म्हणाला. मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फोटो घेऊन आले. काचेसमोर धरून मला दाखवायला लागले. मला त्यात काय कळणार? मी निवाच्या चपला हातात घेऊन उभी होते. त्या कुठं ठेवायच्या हेच मला तीन दिवस सुचलं नव्हतं.

"हा मणका," डॉक्टर म्हणाले. "हा पडला तेव्हाच मोडला. पण ह्याच्या आतनं जी दोरी जाते, मेंदूतनं सगळ्या अंगाला जाते ती, ती तेव्हा शाबूत होती. त्याचे पाय हलत होते म्हणता ना? जसाच्या तसा आडवा आणला असता, तर..." निवाकडं वळून ते म्हणाले, "उभं केलं कुणी ह्याला?"

खाटेच्या पायथ्याशी इकबाल होता. त्यानं फरशीकडं बघितलं. मी तोंड उघडलं. गावात माझ्या तोंडापुढं कुणी टिकायचं नाही. पाटलाला मी उभ्या बाजारात सुनावलेलं आहे. त्या खोलीत माझ्या तोंडातनं हवासुद्धा बाहेर आली नाही.

"माझा मी उठलो, साहेब," निवा म्हणाला. छपराकडं बघत. त्याला दुसरीकडं बघताच येत नव्हतं. "कुणी न्हाई. मला वाटलं, बरं हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

घरी आणला. त्याचं बाजलं सोप्यात दाराशी टाकलं, तिथनं मैदान दिसायचं. मानेखाली त्याचं काहीच नव्हतं. मी भरवायची, पुसायची, कुशी बदलायची. मार्गशीर्षात मुलीकडची माणसं आली, चहा न घेता गेली. मी त्यांना दोष दिला नाही. इकबाल रोज संध्याकाळी यायचा, निवाची दाढी करायचा. माझ्याशी बोलायचा, हसायचाही. पण पुण्याच्या शिबिराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडले असते. केरबा भावजी दिवसाआड एक तांब्या दूध घेऊन यायचे, उंबऱ्यात ठेवून जायचे.

ज्येष्ठात पहिला वळीव पडून रान भिजलं. एका सकाळी मी गोठ्यातनं बैलं सोडली, नांगर काढला.

"आई," निवानं हाक मारली. "नांगर घिऊन कुठं?"

"मैदानात."

"का?"

"चावडीवर बोलले व्हते."

"गडी खांद्यावरनं बाहेर गेला तर बोलली व्हतीस. मी कुठं खांद्यावरनं गेलो? मी तर रेघेच्या बाहेर पडलोय."

मी बैलांचा कासरा धरून अंगणात उभी राहिले. मग कासरा टाकला आणि त्याच्या बाजल्यापाशी येऊन बसले.

"कुणी सांगितलं तुला? भावजींनी?"

"कशाला सांगायला पाहिजे? मला मान वळवता येत नव्हती, डोळे काय फुटले नव्हते. तुझा हात माझ्या नाकासमोरनं गेला. फक्की उडून डोळ्यात गेली. तेवढ्यातबी तुझी मूठ हलली न्हाई, आई. काय मूठ हाय तुझी."

मला वाटलं, हा टोमणा आहे. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच कौतुक होतं. टोमणा असता तर मी सोसला असता.

"निवा, डॉक्टरला तू खोटं का सांगितलंस?"

"खोटं काय त्यात? ऐंशी किलोचा गडी मी. तुझ्याच्यानं उचललो असतो व्हय? मी उठलो म्हणून उठलो."

"मी उभा केला तुला."

"बरं, केलास. आता नांगर ठेव." मग तो हळूच म्हणाला, "ऐक. दिवाळीनंतर फक्की मारशील तेव्हा ती रेघ तिथंच मारायची. तशीच. दरवर्षी. सरळ केलीस तर मी आत पडलो म्हणायचं. मग माझं उठणं फुकट गेलं."

मी नांगर परत गोठ्यात टाकला.

त्या दिवाळीनंतर सामना झाला. मी एकटीच फक्की मारत गेले आणि त्या जागेवर आले तशी दीड हात आत वळले, पुरुषभर लांब गेले आणि परत बाहेर आले. कडुनिंबापाशी जाऊन वळून बघितलं. माझ्या जन्मातली पहिली वाकडी रेघ.

जिल्ह्याचा पंच आला, रेघेवरनं चालत आला आणि तिथं थांबला.

"अहो, इथं हे काय? रेघ वाकडी पडलीय."

इकबाल माझ्याकडं बघायला लागला. गाव जमलेलं होतं. गेल्या वर्षापर्यंत माझ्या रेघेला वाकडी म्हणणाऱ्याची मी सात पिढ्यांची पूजा बांधली असती.

"म्हातारी झाले, साहेब," मी म्हटलं. "हात हलतोय."

मला सेहेचाळिसावं चालू होतं. मागनं कुणीतरी म्हणालं, "बायडाक्काचा हात गेला बघ. पोराच्या दुःखानं गेला." पंचानं खांदे उडवले आणि शिट्टी तोंडात घातली. संध्याकाळी निवानं विचारलं, "मारलीस?" मी हो म्हटलं. "पंच काय म्हणाला?" मी सांगितलं. तो इतका हसला की मला त्याचा घसा चोळावा लागला.

तो अजून एक दिवाळी राहिला. मग पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. फाल्गुनात, दिवस वर आल्यावर, भरवता भरवता त्यानं घास गिळायचं थांबवलं.

आता त्याला तीस वर्षं होऊन गेली. भावजी गेले. इकबाल मुंबईला लेकाकडं असतो, सणाला येतो. मंडळ चालू आहे, आता पोरीसुद्धा खेळतात. मी जाईन तेव्हा माझ्यामागनं कुणीतरी दोरी धरून ती रेघ सरळ करील, म्हणून सांगून ठेवतेय.

त्या फाल्गुनातल्या सकाळी मंडळाची सगळी पोरं अंगणात आली. इकबाल पुढं होता. त्याचे डोळे सुजले होते.

"आक्का, निवाला एकदा मैदानातनं नेतो. मधनं. मग पुढं."

"न्हाई."

"आक्का..."

"माझ्या मैदानातनं कुणी खांद्यावरनं जाणार न्हाई. तो त्यासाठी उठला व्हता. बाहेरनं न्या. रेघेच्या बाहेरनं, लांबीभर."

"रेघ कुठं हाय आता? पुसली की कधीच."

ते तिरडी बांधत होते तेवढ्यात मी घमेलं घेतलं. बायका अडवायला लागल्या, त्यांना मी काय बोलले ते आठवत नाही. ओढ्याकडच्या कोपऱ्यात उभी राहिले, कडुनिंबावर नजर लावली आणि रेघ ओढली. त्या जागेवर वळले, पुरुषभर गेले, परत बाहेर आले.

बायकांना पुढं जायचं नसतं. मी सोप्यातनं, त्याच्या रिकाम्या बाजल्यापाशी उभी राहून बघत होते. निवाला बाप नव्हता, लेक नव्हता. विस्तवाचं मडकं केरबा भावजींनी धरलं होतं. ते सगळ्यांत पुढं. त्यांच्यामागं चौघं, पहिल्या खांद्याला इकबाल. रेघेच्या बाहेरनं सगळे सरळ चालत आले. त्या जागेपाशी भावजी आले. सरळ गेले असते तर दीड हातानं काय बिघडणार होतं? तरी ते रेघेबरोबर आत वळले, पुरुषभर चालले, परत रेघेबरोबर बाहेर आले. इकबालनं मान खाली घातली आणि तोही वळला. मागचे तिघं वळले, तिरडी वळली, सगळं गाव एकेक करून तिथं वळलं.

मी रेघेकडं बघितलं. इतक्या लांबनंसुद्धा स्वच्छ दिसत होती. माझी मूठ त्याही दिवशी हलली नव्हती.